मूत्रपिंडविकार, बुरशीविषजन्य (पशुपक्ष्यांतील निदान)

दाणा, पेंड किंवा मुरघास यांवर वाढलेल्या बुरशीच्या विषामुळे जनावरांच्या व कोंबड्यांच्या मूत्रपिंडाला होणारी इजा. मुख्य विष ऑक्राटॉक्सिन-ए. त्याच्या जोडीला बहुधा सिट्रिनिन, आणि कोंबड्यांत ऊस्पोरीन. पशुपालकांच्या तोंडी असते ते अफ्लाटॉक्सिन, पण त्याचा मारा प्रामुख्याने यकृतावर असतो.

डेन्मार्कमध्ये बुरशी लागलेला दाणा खाणाऱ्या डुकरांच्या मूत्रपिंडांतील बिघाडाची नोंद 1928 पासून आहे. ऑक्राटॉक्सिन मात्र 1965 साली दक्षिण आफ्रिकेत ॲस्परजिलस ऑक्रेशियस या बुरशीपासून वेगळे काढले गेले. डेन्मार्कमधील विकाराशी त्याचे नाते त्यानंतर जुळले.

हे विष रक्तातील अल्ब्युमिनला घट्ट चिकटून फिरते. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या सुरुवातीच्या भागातील पेशी ते आत ओढून घेतात, त्यामुळे पहिला घाव तिथेच बसतो. लघवी दाट करण्याची ताकद कमी होते. जनावर जास्त पाणी पिते, जास्त मुतते, वजन धरत नाही. रक्तातील साखर ठीक असताना लघवीत साखर उतरणे, लघवीचे विशिष्ट गुरुत्व घटणे, नलिकांच्या पेशींतून गळणारी जीजीटी व एनएजी ही विकरे लघवीत वाढणे, या आरंभीच्या खुणा. रक्तातील युरिया व क्रिएटिनिन वाढतात ते मूत्रपिंडाची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता गेल्यावर. म्हणून या दोन आकड्यांवर ‘किडनी ठीक’ असा शेरा मारणे घाईचे ठरते. कोंबडीत तर क्रिएटिनिनचा उपयोगच नाही. तिथे युरिक आम्ल पाहतात, आणि तेही उशिराच चढते.

पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या कारखानी पट्ट्याला लागूनच खेड, मावळ आणि आंबेगाव तालुक्यांतील गोठे व पोल्ट्री शेड आहेत. पावसाळ्यात ओल धरलेला मका, गळक्या गोदामातली पेंड किंवा हवा शिरलेला मुरघास बुरशीला आयताच मिळतो. गायी-म्हशींना त्यातल्या त्यात संरक्षण आहे. कोठीपोटातील सूक्ष्मजीव ऑक्राटॉक्सिनचे तुकडे करून त्याचा विखार बराच कमी करतात. पण दुधावरच्या वासराची कोठी अजून तयार नसते, आणि डुकराला ती नसतेच. या दोघांना धोका मोठा.

कोंबड्यांत खरी अडचण ओळखण्याची आहे. मूत्रपिंडे फिकी, सुजलेली; मूत्रवाहिन्या पांढऱ्या युरेटने भरलेल्या; हृदयावर आणि यकृतावर खडूची भुकटी शिंपडल्यासारखा थर. पोल्ट्रीवाले याला ‘गाऊट’ म्हणतात आणि पहिला संशय खाद्यावर घेतात. 2011 व 2012 मध्ये भारतात ब्रॉयलर पिलांत गाऊटच्या साथी आल्या, काही कळपांत 40 टक्क्यांपर्यंत मर झाली. पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजच्या संशोधकांनी मेलेल्या पिलांची मूत्रपिंडे तपासली. संसर्गजन्य ब्राँकायटिसचा विषाणू एकाही नमुन्यात सापडला नाही. बहुतेकांत चिकन ॲस्ट्रोव्हायरस निघाला. तो वेगळा काढून निरोगी पिलांना टोचल्यावर तसाच गाऊट उभा राहिला. 2013 मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. डोळ्यांना दिसणाऱ्या पांढऱ्या थरावरून बुरशीला दोषी ठरवता येत नाही, याचा इतका जवळचा दाखला दुसरा नाही. पाणी कमी पडणे, खाद्यात कॅल्शियम जास्त होणे यांनीही चित्र तेच उमटते. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडे मेली, तीही याच गाऊटने. जनावरांसाठी त्या औषधावर भारतात 2006 साली बंदी आली.

कारखानी पट्ट्यात संशयितांची यादी आणखी लांबते. मुलामा देण्याच्या धंद्यात वापरले जाणारे कॅडमियम नेमके त्याच नलिकांवर घाव घालते आणि मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठून राहते; शिसेही तिथेच बसते. गाड्यांच्या कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल गोडसर असते. सांडलेले जनावराने चाटले, तर नलिकांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक साचतात, आणि ध्रुवित प्रकाशात ते चमकतात. बुरशीविषात असे स्फटिक नसतात. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली नलिकांच्या पेशी झडलेल्या आणि, विष बरेच दिवस पोटात गेले असल्यास, नलिकांभोवती तंतुमय ऊतक माजलेले दिसते. म्हणजे मूत्रपिंड आपल्याला इजा झाल्याचे सांगते, कोणी केली ते सहसा सांगत नाही. ते सांगायला खुद्द विष सापडावे लागते.

त्यासाठी प्राथमिक चाळणीला एलायझा, आणि पक्क्या आकड्यासाठी एचपीएलसी किंवा एलसी-एमएस तपासणी करतात. नमुना कशाचा, हे प्राण्यावर ठरते. डुकराच्या रक्तातले अर्धे ऑक्राटॉक्सिन कमी व्हायला तीन ते पाच दिवस जातात, कोंबडीत काही तासच. दाणा बदलून दोन दिवसांनी कोंबडीचे रक्त पाठवले तर अहवाल कोरा येण्याचीच शक्यता अधिक, आणि त्या कोऱ्या अहवालाने काहीच सिद्ध होत नाही. युरोपीय संघाच्या मार्गदर्शक मर्यादा डुकरांच्या खाद्यात किलोमागे 50 मायक्रोग्रॅम व कोंबडीखाद्यात 100 मायक्रोग्रॅम अशा आहेत. भारतात माणसांच्या खाण्यातील गहू, बार्ली व राय यांना 20 मायक्रोग्रॅमची मर्यादा लागू आहे.

या पट्ट्याला सोयीची सरकारी प्रयोगशाळा म्हणजे पुण्यात औंधला असलेला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग. मूत्रपिंडाचा एक तुकडा 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये, दुसरा विष शोधण्यासाठी गोठवून ठेवावा लागतो. गाऊटचा संशय असल्यास तिसरा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवतात, कारण फॉर्मेलिनच्या पाण्यात युरेट विरघळून जातो आणि काचपट्टीवर नुसत्या रिकाम्या फटी उरतात. खाद्याचा नमुना एकाच पोत्यातून घेऊ नये. बुरशी ढिगात ठिकठिकाणी असते. म्हणून अनेक पोत्यांच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ काढून, मिसळून पाठवतात. दमट खाद्य प्लॅस्टिकमध्ये बांधले तर वाटेतच बुरशी वाढून आकडा फुगतो. त्यासाठी कागदी पिशवी वापरतात.