जुनी गाडी सुरू होत नसेल तर...

हिवरे बाजार येथील पाणलोट विकासाचे काम पाहण्यासाठी पुण्या-मुंबईहून अनेक जण स्वतःच्या वाहनाने जातात. अहिल्यानगर शहरापासून सोळा-सतरा किलोमीटरवरील अशा गावी जुनी गाडी उन्हात बंद पडली आणि पुन्हा सुरू होईना, तर मेकॅनिक येईपर्यंत दोष कोठे आहे एवढे तरी ओळखता आले पाहिजे. कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत ते फारसे कठीण नाही.

याचे परिचित उदाहरण म्हणजे प्रीमियर पद्मिनी. १९६४ पासून कुर्ल्यात 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने तयार होणारी ही १०८९ सीसीची गाडी १९७० च्या दशकात 'पद्मिनी' झाली. तिचे उत्पादन थांबून दोन तपे उलटली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीसेवेतूनही तिने निरोप घेतला. सुटे भाग दुर्मिळ झाल्याने केवळ अंदाजाने चांगला भाग काढून टाकणे आता परवडणारे नाही. म्हणून आधी निदान, मग दुरुस्ती, हा क्रम पाळावा.

आधी आवाज ऐका

किल्ली फिरवताच सेल्फ अगदी मुका राहिला, तर बॅटरीची टर्मिनल, इंजिनची अर्थ वायर आणि सोलेनॉइडची जोडणी पाहावी. 'टिक-टिक' आवाज येऊन इंजिन फिरत नसेल किंवा जड फिरत असेल, तर बॅटरी उतरलेली असण्याचा संभव अधिक. पूर्ण चार्ज बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२ च्या खाली असेल, तर बॅटरी चार्ज करणे भाग आहे. मात्र टर्मिनलवरील पांढरा-हिरवा थर घासून काढल्यानेही अनेकदा काम भागते. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते पण पेट घेत नाही, अशा वेळी बॅटरीला दोष देऊ नये. दोष ठिणगीत किंवा पेट्रोलमध्ये असतो.

ठिणगी की पेट्रोल?

काही वेळ सेल्फ मारून एक स्पार्क प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल, तर पेट्रोल येते, पण ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल प्रमाणाबाहेर गेले आहे.

ठिणगी नसल्यास डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडावे. पॉइंट जळलेले वा चिकटलेले, कंडेन्सर निकामी, रोटर तडकलेला किंवा झाकणात ओल, ही नेहमीची कारणे होत. पावसाळ्यात झाकण कोरड्या फडक्याने पुसल्यावर गाडी सुरू झाल्याचा अनुभव अनेक पद्मिनीचालकांना आहे.

पेट्रोल जास्त गेले असल्यास चोक पूर्ण आत ढकलावा, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि पाच-दहा सेकंद सेल्फ मारावा. पेडल वारंवार दाबू नये. त्याने प्लग अधिकच भिजतात.

पेट्रोल येतच नसेल, तर टाकी, फिल्टर, पंपाचा डायफ्रॅम आणि कार्ब्युरेटरचा जेट हा क्रम ठेवावा. कडक उन्हात गाडी थांबवून पुन्हा सुरू होत नसेल, तर पाइपमध्ये पेट्रोलची वाफ अडकलेली असू शकते. बॉनेट उघडून पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि पंपावर ओले फडके ठेवावे.

इथेनॉलचा प्रश्न

आता देशात बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप व डायफ्रॅम त्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात वा तडकतात. इथेनॉल हवेतील बाष्पही शोषून घेते. त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत आधी जुने पेट्रोल काढून टाकणे आणि पाइप बदलणे हिताचे.

हे टाळावे

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये. मध्ये अर्धा मिनिट विश्रांती द्यावी. पेट्रोलचा वास येत असताना ठिणगीची चाचणी करू नये, प्लगची वायर उघड्या हाताने धरू नये. इंजिन गरम असताना पेट्रोलचा पाइप सोडवू नये. कोणता भाग तपासला आणि काय आढळले, हे मेकॅनिकला क्रमवार सांगितले, तर त्याचा वेळ व मालकाचा खर्च दोन्ही वाचतात.