कोळसा संपतो, पाणी उरते

सोलापूरचा आधुनिक इतिहास सांगताना आपण १८६० साली आलेली रेल्वे आणि १८७७ ची जुनी मिल हमखास सांगतो. दोन्हींच्या मागे कोळसा होता. तो जिथून निघतो, तिथल्या पाण्याचे काय होते, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

महाराष्ट्राचा कोळसा विदर्भातला. वर्धा खोऱ्यात वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. सरकारदप्तरी खाण तिथे संपते. पाण्याच्या लेखी ती अशी संपत नाही.

कोळशाच्या थरांत लोह आणि गंधकाचे पायराइट हे खनिज असते. खोदकामामुळे त्याला हवा आणि पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते. हे आम्ल दगडांतले लोह, ॲल्युमिनियम, मँगनीज विरघळवत ओढ्यात आणि पुढे तलावात उतरते. तळाशी तांबूस गाळ बसतो. त्याखाली माशांची अंडी आणि त्यांचे खाद्य असलेले किडे गुदमरतात. ॲल्युमिनियम कल्ल्यांवर बसते आणि माशांचा श्वास अडतो. पाण्याचा सामू पाचच्या खाली गेला की बहुतेक माशांची अंडी उबत नाहीत. अशा तलावाचे पाणी कधी कधी अगदी नितळ दिसते, कारण त्यात जगणारे फारसे काही उरलेले नसते.

सगळ्या खाणी सारख्या नसतात. विदर्भातल्या गोंडवाना कोळशात गंधक तुलनेने कमी, मेघालयच्या कोळशात जास्त. तिथे जैंतिया टेकड्यांत आम्लयुक्त पाण्याने नद्यांतले मासे संपले. २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या अशास्त्रीय खाणकामावर बंदी घातली. पण उघड्या पडलेल्या पायराइटला बंदीचा आदेश कळत नाही. बंद खाणीतूनही आम्ल अनेक दशके झिरपत राहते.

म्हणून विदर्भात गंधक कमी, एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. पूर्व विदर्भाला तलावांची जुनी परंपरा आहे आणि ढीवर समाजाची चूल त्या तलावांवर पेटते. खाणीतून उपसलेले पाणी तपासणे, गरज पडल्यास चुन्याने त्याचे आम्ल मारणे आणि खाण बंद झाल्यावरही हे काम चालू ठेवणे, एवढी मागणी रास्तच आहे.

सोलापूरच्या गिरण्या थंडावल्या. तरी फताटेवाडीला १,३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. कोळशाशी आपले नाते तुटलेले नाही. त्याचा इतिहास लिहायचा तर चिमणीपाशी थांबून चालणार नाही, खाणीखालच्या तलावापर्यंत जावे लागेल.