अमावास्या-पौर्णिमा जन्म

फलज्योतिषातील जन्मतिथीविषयक संकल्पना. जन्माच्या क्षणी चंद्र सूर्याच्या 348 ते 360 अंश पुढे असेल तर जन्म अमावास्येचा, 168 ते 180 अंश पुढे असेल तर पौर्णिमेचा मानतात. बोलीभाषेत ‘अवसेचं’ आणि ‘पुनवेचं’ लेकरू.

तिथी म्हणजे चंद्र-सूर्यांमधील 12 अंशांचे अंतर. चंद्राची गती कमी-जास्त होत असल्याने ती साधारण 20 ते 27 तासांत पुरी होते. सण ठरवताना बहुधा सूर्योदयाची तिथी पाहतात, जन्मासाठी मात्र प्रत्यक्ष वेळेची. त्यामुळे दिनदर्शिकेच्या चौकटीत ‘अमावास्या’ छापलेली असली तरी त्या संध्याकाळचे मूल प्रतिपदेचे असू शकते. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत असलेल्या ऊर्जानगरात हा घोळ आणखी वाढतो. मुंबईपेक्षा येथे सूर्य सुमारे 25 मिनिटे आधी उगवतो. चतुर्दशी नेमकी या दोन सूर्योदयांच्या मध्ये संपली, तर मुंबईच्या सूर्योदयावर बेतलेले पंचांग त्या दिवसाला अमावास्या म्हणते आणि चंद्रपुरात तो दिवस चतुर्दशीचाच राहतो. जन्मतिथीला याने काही बाधा येत नाही. तिथी संपण्याचा क्षण सगळीकडे एकच असतो. अयनांशाच्या, म्हणजे सायन आणि निरयन राशिचक्रांतील अंतराच्या, वादाचेही तसेच. तिथी ही मुळात वजाबाकी असल्याने चंद्र आणि सूर्य दोघांतून अयनांश सारखाच जातो. टिळक पंचांग व इतर निरयन पंचांगांचे नक्षत्रावरून जमत नाही, तिथीवरून जमते.

अमावास्येच्या जन्माला दोष का लागला, याचे उत्तर चंद्रबलात आहे. चंद्र हा मनाचा व मातेचा कारक. क्षीण चंद्राला वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त पापग्रहांत बसवले. अमावास्येला तो सूर्याजवळ जाऊन दिसेनासा होतो, म्हणून बलहीन. पराशराच्या नावावरील होराशास्त्रात दर्शजन्माचे (दर्श म्हणजे अमावास्या) फळ आईवडिलांचे दारिद्र्य असे सांगून लगेच शांती दिली आहे. त्याच ग्रंथात कृष्ण चतुर्दशीचे सहा भाग करून त्यांतल्या काहींना मृत्युसूचक फळे दिली आहेत. म्हणजे ग्रंथापुरते पाहिले तर भीती अमावास्येपेक्षा आदल्या दिवसाची अधिक. लोकांनी मात्र सगळे भय अवसेवर टाकले. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या ‘धर्मसिंधू’त (1790) दर्शशांतीबरोबर सिनीवाली-कुहू शांतीही येते. चतुर्दशीने युक्त, चंद्राची कोर दिसणारी अमावास्या ती सिनीवाली. चंद्र अजिबात न दिसणारी ती कुहू. कलशस्थापना, सूर्य-चंद्रांच्या प्रतिमांचे पूजन, होम, अभिषेक आणि दान असा विधी असून तो बाराव्या दिवशी किंवा जन्मनक्षत्र पुन्हा येईल तेव्हा करण्याचा प्रघात आहे.

पौर्णिमेच्या जन्माला सहसा शांती सांगत नाहीत. चंद्र पूर्ण बलवान, सूर्याच्या समोर. ग्रहण असेल तर तेवढी ग्रहणशांती. तरी येथे एक गंमत आहे. करण म्हणजे अर्धी तिथी; पौर्णिमेचा पूर्वार्ध हा विष्टी म्हणजे भद्रा करणाचा असतो आणि भद्रेवरचा जन्मही जननशांतीच्या याद्यांत आढळतो. यादी काटेकोर पाळायची तर पुनवेच्या निम्म्या बाळांची शांती करावी लागेल. तेवढा आग्रह कोणी धरत नाही. हनुमान, दत्त, व्यास यांच्या जयंत्या पौर्णिमेला आहेत. अमावास्येला जयंती शनीची, आणि त्यामुळे अवसेची प्रतिमा काही सुधारली नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या लोकव्यवहारात मात्र अमावास्या सरसकट अशुभ नाही. विदर्भातला सर्वांत मोठा कृषिसण पोळा श्रावण अमावास्येलाच येतो. गडचिरोलीची पूर्व सीमा ओलांडली की छत्तीसगडात हाच दिवस भाद्रपद अमावास्येचा ‘पोरा’ होतो, कारण महाराष्ट्र व तेलंगणात महिना अमावास्येला संपतो, तिकडे पौर्णिमेला. पोळ्याला जन्मलेल्या मुलाच्या पत्रिकेत महिन्याचे नाव त्यामुळे सीमेच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे पडते. पौर्णिमेच्या मुलाला ही अडचण नाही. शुक्ल पक्षाचा महिना दोन्हीकडे एकच. चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा चैत्री पौर्णिमेची. 16 ऑक्टोबर 1956 रोजी याच शहरात डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून वाढलेल्या बौद्ध समाजाला वैशाख पौर्णिमा बुद्धजन्माची म्हणून प्रिय आहे आणि या आवडीचा जननशांतीशी संबंध नाही.

चंद्रकला आणि जन्म यांचा संबंध तपासलाही गेला आहे. अमेरिकेतील सुमारे 7 कोटी जन्मनोंदींच्या 2001 मधील पाहणीत चंद्रकलेनुसार जन्मसंख्येत फरक आढळला नाही. हा प्रश्न संख्येचा होता, भाकिताचा नव्हे. भाकिताची चाचणी पुण्यात 2008 मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतील मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांना देऊन कोणती कोणत्या गटातली हे ओळखायला सांगितले. उत्तरे पाठवणाऱ्या 27 ज्योतिषांचा बरोबर उत्तरांचा वाटा 46 टक्के, म्हणजे नाणेफेकीहून किंचित खालचा. ही चाचणी संपूर्ण कुंडलीची होती. एकट्या तिथीवरून फळ सांगणाऱ्याकडे याहून कमी माहिती असते.