जौऱ्याचे शस्त्रसमर्पण : क्षमा कोणाकडे मागितली?



गोरखीपासून चंबळचे बेहड फार दूर नाहीत. त्या बेहडांच्या इतिहासात एक मराठी माणूस आहे. मानसिंहाचा मुलगा तहसीलदारसिंह नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. त्याच्या पत्रावरून मे १९६० मध्ये विनोबा भिंड-मुरैन्यात पायी फिरले; वीस बागींनी शस्त्रे ठेवली. १४ एप्रिल १९७२ रोजी जौरा येथे मोहरसिंह, माधोसिंह यांच्या टोळ्यांनी जयप्रकाशांसमोर, गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवल्या.

बागींना माफी मिळाली नाही. खटले चालले, शिक्षा झाल्या. फाशी मात्र टळली. अनेकांनी पुढे मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात शिक्षा भोगली. पश्चात्ताप लोकरीतीने झाला, न्याय कायद्याने.

दक्षिण आफ्रिकेने वेगळी वाट धरली. १९९६ साली तिथल्या सत्य व सलोखा आयोगाची सुनावणी सुरू झाली, तेव्हा आधी बोलले ते पीडित. पती गमावलेल्या स्त्रिया भरसभेत बोलल्या. राजकीय गुन्ह्याचे पूर्ण सत्य सांगणाऱ्याला मात्र तिथे माफी मिळू शके.

आम्ही जैन पर्युषणाच्या अखेरीस क्षमा मागतो, ती ज्याला दुखवले त्याच्या दारी जाऊन. जौऱ्याला शस्त्रे तसबिरीपुढे ठेवली गेली. मोहरसिंहाचे नाव आपल्याला पाठ आहे. त्याच्या टोळीने मारलेल्या एकाचे तरी नाव आठवते का?

शिक्षा भोगण्याची तयारी जौऱ्याने जगाला दाखवली. पीडितांचे ऐकून घेणे आपण आफ्रिकेकडून शिकावे. त्या घरांतली म्हातारी माणसे अजून आहेत, तोवरच.