कवचातला चुना येतो कुठून?

आज लढाया नाहीत, तह नाहीत. आज आपण खुराड्यात डोकावणार आहोत. कारण एका कोंबडीच्या हिशोबाने एक मोठा रसायनशास्त्रज्ञ चकला होता, आणि दोनशे वर्षांनी मीही तिथेच चकलो.

तर गोष्ट 1799 ची, फ्रान्समधली. लुई निकोला वोक्लँ हा शेतावर राबणाऱ्या कुटुंबातला मुलगा. क्रोमियम हे मूलद्रव्य शोधणारा तो हाच. त्याने एक कोंबडी कोंडली आणि तिला दहा दिवस मोजून ओट्स खायला घातले, साधारण अर्धा किलो. या काळात तिने चार अंडी घातली. मग त्याने ओट्समधला चुना मोजला, विष्ठेतला मोजला, कवचांतलाही मोजला. आत गेला त्यापेक्षा बाहेर कितीतरी जास्त आला!

आजच्या आकड्यांत सांगतो. एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. म्हणजे चार अंड्यांचं झालं 8 ग्रॅम. अर्धा किलो ओट्समध्ये असतं जेमतेम अर्धा ग्रॅम. उरलेलं कुठून आलं? वोक्लँला वाटलं, चुना कोंबडीच्या शरीरातच तयार होत असणार.

त्याला हसू नका. त्याची मोजणी चोख होती. फक्त खात्यातली एक रक्कम त्याने धरलीच नव्हती, ती म्हणजे कोंबडीची हाडं.

याचा उलगडा व्हायला 1934 साल उजाडलं. काइस आणि पॉटर या अमेरिकन संशोधकांनी कबुतरांच्या माद्यांमध्ये एक विलक्षण गोष्ट दाखवली. अंडी घालायच्या सुमारास त्यांच्या लांब हाडांच्या पोकळीत नवं, जाळीदार हाड तयार होतं. कोंबडीतही हेच घडतं. ही तिची चुन्याची कोठी. कवच बनायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं, म्हणजे कोंबडी झोपलेली असताना. पोटातलं संपलं की ती कोठीतलं काढते. दिवसा पुन्हा कोठी भरायची, एवढंच. पण खाण्यात चुनाच नसेल तर? मग कोठीच्या भिंतीच खरवडल्या जातात.

आता माझी गोष्ट. लहानपणी कोकणात आमची आजी तिसऱ्यांच्या शिंपल्या दगडाने ठेचून कोंबड्यांपुढे टाकायची. मी विचारलं, "आजी, दगड काय खायला घालतेस?" ती म्हणाली, "अरे, पोटात गेलं नाही तर कवचात येईल कुठून?" झालं! वोक्लँचा अख्खा प्रश्न आजीने एका वाक्यात सोडवला होता.

आणि मी? पुण्यात चार लेयर कोंबड्या आणल्या. तांदळाची कणी, ज्वारी, घरातलं उरलंसुरलं घालत राहिलो. सुरुवातीला अंडी छान, टणक. मला वाटलं, वेगळं काही लागतच नाही! मग कवचं पातळ झाली. एक दिवस नुसत्या पापुद्र्यातलं मऊ अंडं मिळालं. त्याच आठवड्यात एक कोंबडी बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, "हाडं पोकळ झालीत हिची." ती वाचली नाही. ती छान अंडी कोंबडी स्वतःच्या हाडांतून देत होती, आणि मी खुशाल ऑम्लेट खात होतो.

बरं, आजीच्या कोंबड्या अंगणात किडे-माती टिपायच्या आणि वर्षाला पन्नास-साठ अंडी द्यायच्या. माझ्या कोंबड्या तीनशेच्या जातीच्या. तीनशे अंडी म्हणजे वर्षाला 600 ग्रॅम कॅल्शियम, आणि कोंबडीच्या अख्ख्या सांगाड्यात असतं साधारण 20 ग्रॅम! आपण जात बदलली, अंडी वाढवली, पण हाडं तेवढीच राहिली. अमेरिकेत पिंजऱ्यातल्या कोंबड्या अशाच खाली बसू लागल्या, तेव्हा 1955 मध्ये त्या आजाराला 'केज लेयर फटीग' असं नाव मिळालं.

तरी वोक्लँचा गैरसमज मेला नाही. 1960 च्या दशकात केर्व्रान नावाच्या फ्रेंच माणसाने दावा केला की कोंबडी पोटॅशियमचंच कॅल्शियम करते. 1993 मध्ये त्याबद्दल त्याला थट्टेचं इग्नोबेल मिळालं. पण यावर विश्वास ठेवून कुणी शिंपल्या बंद केल्या, तर थट्टेची किंमत कोंबडीच मोजणार.

म्हणून कोंबड्या पाळणाऱ्यांनो, अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम हवं. शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, विशेषतः संध्याकाळी. जाड खडे पोटात हळूहळू विरघळतात आणि रात्रभर पुरतात. पिल्लांना मात्र हे खाद्य देऊ नका, जास्त कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.

आणि टणक अंडं मिळालं म्हणून निश्चिंत होऊ नका. ते अंडं खाद्यातून आलंय की हाडांतून, हे कवच सांगत नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर, नमस्कार!