मुसीचा पूर आणि रिकामी ठेवलेली जागा

आजच्या भागात आपण हैदराबादला जाऊ या. चारमिनार आणि गोवळकोंड्यावर पुष्कळ बोललं जातं, पण मी आज मुसी नदीबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी कुणी बेंगळुरूत राहतं, कुणी वडोदऱ्यात, कुणी इंदुरात. महिन्याभराचा पाऊस एका रात्रीत कोसळतो आणि रस्त्याची नदी होते, हे आता सगळीकडचंच दुखणं आहे. हवामान बदलतंय, पाऊस कमी तासांत जास्त पडतोय. अशा पावसात शहरानं तग कसा धरायचा, या प्रश्नाला हैदराबादनं शंभर वर्षांपूर्वी एक उत्तर शोधलं होतं.

तारीख २८ सप्टेंबर १९०८. निजाम मीर महबूब अली खान गादीवर होते आणि आपला मराठवाडाही त्याच राज्यात होता. शहराजवळच्या शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच, म्हणजे सुमारे ३२५ मिलिमीटर पाऊस पडला. मुसीला पूर आला आणि तो अफजलगंजातून वस्त्या धुऊन घेऊन गेला. मृतांचा आकडा साधारण १५ हजार सांगितला जातो. अफजलगंजातल्या एका चिंचेच्या झाडावर दीडशेच्या आसपास माणसं चढून बसली आणि वाचली. ते झाड आजही उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. उर्दू शायर अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी मात्र त्या पुरात गेली.

निजाम सरकारनं एका इंजिनिअरला बोलावलं, ते म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या नोकरीत वाढलेले. खडकवासला धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनीच बसवले होते. १९०९ साली ते हैदराबादेत आले आणि मोजमापाला लागले.

त्यांच्या अहवालातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शहराच्या वरच्या अंगाला, मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्या पाणलोटात तेव्हा ७८८ तळी होती. जवळजवळ प्रत्येक चौरस मैलाला एक तळं! एकाचा सांडवा वाहिला की पाणी खालच्या तळ्यात, तिथून त्याच्या खालच्या. शेती, मासे, पाणपक्षी, विहिरींचे झरे, सगळं या साखळीवर चालायचं. त्या रात्री त्यांतली २२१ तळी फुटली. वरचं फुटलं की त्याचा लोंढा खालच्याला फोडायचा. म्हणजे पूर नुसता आभाळातून आला नव्हता, साखळी तुटल्यामुळे तो कित्येक पट वाढला होता.

विश्वेश्वरय्यांचा सल्ला सरळ होता. शहरातून नदी जेवढं पाणी सुखरूप वाहून नेऊ शकते तेवढंच खाली येऊ द्यावं, बाकीचं वर अडवावं. त्यातून मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि ईसीवर हिमायतसागर (१९२७) झाले. १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झालं. नदीकाठ बांधून घेतला, तिथं बागा आल्या. बागेत पाणी शिरलं तर नुकसान थोडं होतं, घरात शिरलं तर माणसं जातात.

आता यातली मेख बघा. पूर अडवणारं धरण उपयोगी पडतं ते त्यात रिकामी जागा असेल तेव्हा. पण याच तलावांवर शहर पाणी पिऊ लागलं, आणि पिण्याच्या पाण्याचा तलाव सगळ्यांना भरलेला हवा असतो. एकाच धरणाकडून ही दोन उलटी कामं करून घ्यायची, तर वरचा पाणलोट मोकळा राहायला हवा, पाणी सावकाश मुरत यायला हवं. म्हणून १९९६ साली १११ क्रमांकाचा सरकारी आदेश निघाला. दोन्ही तलावांभोवती १० किलोमीटरच्या टापूत, ८४ गावांत, मोठ्या बांधकामांवर आणि प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर बंदी आली.

या गावांतल्या शेतकऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. शेजारच्या गावात जमिनीला सोन्याचा भाव आणि आपल्याला बंदी! शहराला वाचवायचं आणि किंमत त्यांनी मोजायची. २०२२ साली सरकारनं ते निर्बंध उठवले. कारण दिलं की शहराला आता कृष्णा आणि गोदावरीचं पाणी मिळतं, या तलावांवर ते अवलंबून नाही. पिण्याच्या पाण्यापुरतं हे खरं असेल. पण हे तलाव बांधले होते कशासाठी? पुरासाठी. ते काम कृष्णेचा नळ करू शकत नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादच्या काही भागांत एका दिवसात ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. गुर्रम चेरुवु हा तलाव फुटला आणि पाणी खालच्या वस्त्यांत घुसलं. १९०८ ची तीच रीत, फक्त आकार लहान. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही धरणांचे दरवाजे उघडले, तेव्हा मुसी महात्मा गांधी बसस्थानकात शिरली. हे बसस्थानक उभं आहे तेच मुळी नदीच्या पात्रात.

तेव्हा मला एवढंच म्हणायचंय. जुन्या लोकांनी नदीकाठी, तळ्याच्या पोटात, धरणाच्या वर जी जागा रिकामी ठेवली होती, ती वाया गेलेली जमीन नव्हती. तिचं काम वर्षातून दोन दिवसांचंच असतं, पण त्या दोन दिवसांत दुसरं काहीच ते करू शकत नाही. आणि ती जागा राखायची असेल तर तिचा मोबदला वरच्या गावांना खालच्या शहरानं द्यायला हवा. नुसत्या बंदीनं ती टिकत नाही, हे ८४ गावांनी दाखवून दिलंय.

हैदराबादेत मासाब टँक नावाचा भाग आहे. तिथला तलाव गेला, नाव राहिलं. तुमच्या शहरात अशी किती नावं आहेत? शोधा, आणि यंदाच्या पावसात पाणी नेमकं कुठं साचतं ते त्या नावांशी ताडून बघा. पुढच्या भागात भेटू.