कीर्द, खतावणी आणि टिपणवही

शाहूपुरीचा इतिहास सांगताना आपण गुळाचा सांगतो, रेल्वेचा सांगतो, शाहू महाराजांच्या दूरदृष्टीचा सांगतो. ज्या वह्यांवर ही पेठ चालली, त्या वह्यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही. माझे आजोबा इथल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. मी कोल्हापूरच्या जुन्या गोष्टींची टिपणं ठेवते. एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यातला दुवा, जाहिरातीतलं विसरलेलं नाव, इंटरनेटवर अचानक समोर आलेला जुना नकाशा, जे पुढे कधीतरी उपयोगी पडेल असं वाटतं ते मी उतरवून ठेवते. हे टिपायचं कसं, ते मला आजोबांच्या वह्यांनी शिकवलं.

१८९१ साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, स्टेशनाजवळ ही पेठ वसवली. जयंती नाल्यापलीकडच्या जुन्या शहरापेक्षा इथली आखणी वेगळी होती. सरळ गल्ल्या, गाड्या उभ्या राहतील अशी जागा आणि माल चढवायला जवळच रेल्वे. आसपासच्या गावांतल्या गुऱ्हाळांचा गूळ बैलगाड्यांतून येई आणि इथून वॅगनने बाहेर जाई. पिकवणारा एका गावात, घेणारा दूरच्या शहरात, मधे अडत्या. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसे. त्यांच्यातला सगळा विश्वास अडत्याच्या वहीवर उभा असे.

ती वही डोळ्यांसमोर आणा. लाल कापडी बांधणीची, लांबट. कागदाला आधीच घड्या पाडलेल्या, त्या घड्यांचेच रकाने व्हायचे. पट्टी आणि शिसपेन्सिलीची गरजच नाही. दिवाळीला पूजा झालेली, म्हणून पहिल्या पानावर हळदकुंकवाचं स्वस्तिक. जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्याच क्रमाने आधी रोजकीर्दीत उतरायचं. नंतर, दुकान शांत झालं की, तीच नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायची. कीर्दीच्या रकान्यात ‘खा. पा.’, म्हणजे खातेपान, लिहायचं, आणि खतावणीत कीर्दीचं पान. कोणत्याही टोकाकडून निघालात तरी दुसऱ्या टोकाला पोचता यायला हवं. आणि रक्कम ज्याच्या हातून आली त्याचं नाव ‘हस्ते’ म्हणून लिहायचंच. पुढे तक्रार निघाली की पहिला प्रश्न तोच असे: हस्ते कोण?

व्यापाराबाहेरही मराठी माणूस फार पूर्वीपासून टिपत आला आहे. कीर्तनकारांची आणि मठांमधली बाडं हा त्यातला मोठा ठेवा. वरच्या अरुंद कडेला शिवलेली, पान वर उलटायचं अशी वही. कीर्तनाला उभं राहून वाचायला सोयीची. त्यात अभंग, पदं, आरत्या, आख्यानातले मुद्दे, आणि मधेच एखादं औषध किंवा घरचा हिशेब. शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून फिरून अशी बाडं धुळ्याला जमवली. धुळ्यात १८९३ साली स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेचं हे काम नसतं, तर रामदासी वाङ्मयाचा बराच भाग आपल्या हाती लागला नसता. मूळ टिपणाऱ्यांना आपण ग्रंथ राखतो आहोत असं वाटलंही नसेल. त्यांना फक्त आजच्या कीर्तनात काय घ्यायचं ते हाताशी हवं होतं.

एका ओळीची नोंद किती लांब पोचते याचं माझ्या मते सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे जेधे शकावली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात जपलेलं हे टिपण. साधारण १६१८ ते १६९७ या काळातल्या घटना शक, तिथी आणि थोडक्यात मजकूर, अशा लिहिलेल्या. वर्णन नाही, अलंकार नाही. लोकमान्य टिळकांनी ती मिळवली आणि १९१६ मध्ये ती छापली गेली. शिवजन्माची तिथी तिच्यात आहे: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. कवी परमानंदाच्या ‘शिवभारत’ या काव्यातही हीच तिथी सापडते. दोन वेगवेगळ्या वह्यांतला आकडा जुळला की दिवाणजी जसा निश्चिंत होतो, तसं हे झालं. आज सरकारी शिवजयंती याच तारखेला होते.

नोंद जपली, तरी ती कुणाकडून आली हे हरवलं की तिचं निम्मं बळ जातं. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं सोडून त्यांनी पुढे एकूण बावीस खंड उभे केले. कागद कोणत्या घरचा, कोणत्या दप्तरातला, हे त्यांना कागदाइतकंच महत्त्वाचं वाटे. शंकर गणेश दाते यांनी तर मराठी पुस्तकांची खतावणीच मांडली. १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या ग्रंथांची सूची त्यांनी ग्रंथालयं पालथी घालून केली, आणि पुढे दुसऱ्या भागात ती १९५० पर्यंत आणली. आजही एखादं जुनं पुस्तक खरंच निघालं होतं का, असा प्रश्न पडला की दात्यांची सूची उघडावी लागते.

टिपलेलं पुन्हा सापडायचं कसं, हा प्रश्न बाहेरच्या जगातही लोकांना पडला होता. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६८६ मध्ये टिपणवहीची आपली पद्धत छापली. विषयाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर, यावरून नोंदीचं पान शोधायचं. मराठी लिहिणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल, कारण आपली बाराखडी नेमकी तशीच आहे. माझ्या वहीच्या शेवटच्या पानांवर मी तीच मांडली आहे. ‘गु’पुढे गूळ, गुऱ्हाळ, गुजरी. ‘रे’पुढे रेल्वे, रेशन. समोर पानांचे आकडे. वहीच्या पहिल्या भागात रोजची टिपणं येतील तशी, आणि प्रत्येकाखाली तारीख आणि ‘हस्ते’: कुणी सांगितलं, कुठे वाचलं, पडद्यावर पाहिलं असेल तर कोणत्या संग्रहाच्या संकेतस्थळावर.

आज आपण सगळेच टिपतो, पण ते फोनमध्ये. फोटो काढतो, मजकूर पुढे पाठवतो, दुवे साठवतो. कीर्द भरत जाते आणि खतावणी कुणी मांडत नाही. चार महिन्यांनी तोच फोटो समोर येतो तेव्हा तो कुठला, कुणी पाठवला, का ठेवला, काहीच आठवत नाही. कोल्हापूरच्या इतिहासाचे कितीतरी धागे असे सुटताना मी रोज पाहते आणि जीव तुटतो.

कागदाचंही तेच. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं. अशा वेळी माणसं जीव आणि भांडी वाचवतात, माळ्यावरच्या वह्या शेवटी. उरलेल्या रद्दीत जातात, कारण त्यांतली मोडी लिपी वाचता येत नसल्याने त्या निरुपयोगी वाटतात. तुमच्या घरी अशी वही असेल तर ती रद्दीत देऊ नका. कोरडी करा, कापडात बांधा, कोणत्या दुकानाची किंवा घरातल्या कुणाच्या हातची, ते चिठ्ठीवर लिहून आत ठेवा, आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकदा दाखवा. मोडी जाणणारी माणसं अजून आहेत, आणि नवी मुलं ती शिकत आहेत. गुळाचा भाव, पावसाने चुकलेली गाडी, उधारी राहिलेल्या गावाचं नाव, यातलं काय उद्या लागेल हे आज ठरवता येत नाही. म्हणून तारीख, हस्ते आणि खातेपान, एवढं तरी प्रत्येक टिपणाला आपण द्यायलाच हवं.